बिजागरीकडची फट

१४ जानेवारी

प्रिय कोनमापक,

'प्रिय' ही जुनी सवय आहे, तिच्याकडे दुर्लक्ष कर. 'कोनमापक' ही त्याहून जुनी. कॉलेजात मी ठेवलेलं हे नाव घटस्फोटाच्या कागदांत रद्द झाल्याचं मला तरी कुठे आढळलं नाही.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडताच बाजूला ठेवायला निघाला असशील, म्हणून आधी सांगून टाकते. माझी तब्येत ठीक आहे, मला काही नको आहे, कोणी गेलेलं नाही. तुझ्या दाराबद्दल लिहायचं आहे.

आमच्या ग्रंथालयाच्या बालविभागाचं दार. थेट छताला भिडणारं, जाड लाकडाचं, एका बोटाने ढकललं तरी उघडणारं आणि सोडलं की आपसूक बंद होणारं. त्याच्यासाठी तुला बक्षीस मिळालं आणि त्याच्यासाठी मी रोज सकाळी किल्ली फिरवते. परवा दुपारी त्यात एका मुलीचं बोट चेंगरलं.

ती चार वर्षांची आहे. आम्ही तिला प्रश्नपत्रिका म्हणतो, कारण ती तोंड उघडते तेव्हा बाहेर प्रश्नच पडतो. आई कोपऱ्यावरच्या दुकानात कपडे शिवते, आणि दुपारी दुकानात गिऱ्हाईक वाढलं की लेक माझ्याकडे. झालं असं, की बालविभागात चपला बाहेर काढायच्या असतात. चपलांची मांडणी बिजागरीच्या बाजूला आहे, कारण दुसऱ्या बाजूला तू खिडकी ठेवलीस. मूल परत निघालं, की एका पायावर उभं राहतं, दुसरा पाय चपलेत घालतं आणि तोल जाऊ नये म्हणून हाताला जे येईल ते धरतं. हाताला येते ती चौकट. दार उघडं असलं की चौकट आणि फळी यांच्यामध्ये फट पडते, आणि चार वर्षांची बोटं त्या फटीत अशी बसतात जशी ती त्यांच्याच मापाने केली असावी. तेवढ्यात कोणीतरी आत गेलं, दार सुटलं, आणि तुझ्या त्या सुंदर यंत्रणेने आपलं काम चोख केलं.

ती आधी ओरडलीच नाही. माझ्याकडे बघत राहिली, जणू मी काहीतरी उत्तर देणार आहे. मग ओरडली.

नख गेलं. टोकाचं हाड चिरलं आहे, टाके पडले. डॉक्टर म्हणाले जुळून येईल, नखही परत येईल. मी बाहेर बाकावर बसून होते आणि माझेच हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

आमच्या समितीने तातडीने उपाय केला. पाटी लावली: 'मुलांनी दाराच्या फटीत बोटे घालू नयेत. आदेशावरून.' पाटी अध्यक्षांच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे, आणि ज्यांना उद्देशून आहे त्यांना वाचता येत नाही. दुसरीतल्या एका मुलाला येतं. त्याने ती मोठ्याने वाचून दाखवली, आणि मग सगळी पिल्लावळ 'कुठली फट, कुठली फट' करत रांग लावून बघायला आली.

उपाय सोपा आहे. बिजागरीच्या बाजूने एक लवचिक पट्टी बसवायची, दाराबरोबर दुमडणारी आणि उलगडणारी, म्हणजे फट झाकली जाते. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पण तुझ्या करारात कलम आहे, की वास्तुकाराच्या लेखी संमतीशिवाय मूळ रचनेला हात लावायचा नाही. ते कलम घालायला तू किती भांडला होतास ते मला आठवतं. मी डबा घेऊन बाहेर थांबले होते.

तर संमती दे. चार ओळी पुरतील.

दाराची रोजची वापरकर्ती

*

२३ जानेवारी

कोनमापक,

पत्र मिळालं. चार ओळी मागितल्या होत्या, तू दोन पाठवल्यास. काटकसर अजून तशीच आहे. 'दोष दारात नाही, वापरात आहे. मुलांकडे लक्ष ठेवावे.' अक्षर मात्र पूर्वीसारखंच, प्रत्येक अक्षर वेगळं उभं, जणू त्यांचंही आपसात पटत नाही.

लक्ष ठेवते रे. लक्ष ठेवणं हाच माझा पगारी धंदा आहे. पण मी एका मुलाच्या नाकातून खडूचा तुकडा काढत असते तेव्हा दुसरं मूल चपला घालत असतं. माणसाला डोळे दोन आणि तेही एकाच बाजूला. ही रचना तुझी नाही, नाहीतर तिलाही कलम लावलं असतंस.

तुझी दोन ओळींची चिठ्ठी मी समितीपुढे ठेवली. अध्यक्षांना फार आवडली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "साहेबांचं म्हणणं रास्त आहे. वापरातच दोष आहे. तेव्हा वापर बंद करू."

मला वाटलं, दाराचा. नाही. मुलांचा. एक मार्चपासून सात वर्षांखालच्या मुलांना बालविभागात प्रवेश नाही. आणि सातच्या वरची मुलं तशी कमीच येतात, तेव्हा ती खोली रिकामी ठेवण्यापेक्षा समितीच्या बैठकांना घ्यावी, असंही त्याच बैठकीत ठरलं. समितीला नवी खोली कधीपासूनची हवी होती. बोट चिरडलं प्रश्नपत्रिकेचं, आणि जागा मिळाली यांना.

मी दुसऱ्या बैठकीला गाजर घेऊन गेले.

दार उघडलं, बिजागरीकडच्या फटीत गाजर धरलं आणि मोकळ्या हाताच्या करंगळीने दार ढकललं. करंगळीनेच, जोर न लावता. कट्‌ असा आवाज झाला आणि अर्धं गाजर खजिनदारांच्या बुटाशी जाऊन पडलं. मी सांगितलं, की कडीच्या बाजूला दार थप्पड मारतं, बिजागरीच्या बाजूला ते चावतं. सगळा भार तिथे एवढ्याशा जागेत येतो.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, मुलांची बोटं म्हणजे काही गाजरं नव्हेत."

म्हटलं, "नाहीत ना. गाजर कडक असतं."

यावर विषय पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला. खजिनदारांनी गाजर उचलून तेवढं टेबलावर ठेवलं.

प्रश्नपत्रिका काल आईबरोबर आली होती. बोटाला एवढी मोठी पट्टी, की वाटावं पोरगी बाहुली घेऊन हिंडते आहे. दारापर्यंत आली आणि थांबली. दोन्ही हात काखेत घातले आणि तिथूनच विचारलं, "त्याला कळलं होतं का, की मी आहे?"

मी म्हटलं, "कोणाला?"

"दाराला."

मी नाही म्हणाले. ते तिला पटलेलं दिसलं नाही. ती आत आली नाही. आईने उचलून आणायचा प्रयत्न केला, तर तिने चौकटीपाशी पाय असे ताठ केले की आईच मागे सरली. पुस्तकं मी तिला बाहेर व्हरांड्यात नेऊन दिली. एक तारखेनंतर खोलीच गेली की तेही करता येणार नाही.

म्हणून पुन्हा विचारते. आणि यावेळी विनंती समज, मला ती नीट जमत नसली तरी.

तीच

*

६ फेब्रुवारी

प्रिय कोनमापक (यावेळी सवयीने नाही),

जाडजूड पाकीट आलं. उघडेपर्यंत मला वाटत होतं, तू दावा लावलास.

नकाशा सुंदर आहे. दाराची बिजागरीकडची कड गोल करायची, चौकटीलाही तशीच गोल खाच, म्हणजे फट अशी पडणारच नाही. लाकूड तेच, रंग तोच, कोणाला कळणारही नाही की काही बदललं. मी तो नकाशा टेबलावर पसरून चहा थंड होईपर्यंत बघत बसले. खोटं कशाला बोलू, तुझ्या रेघेचा मला अजूनही मत्सर वाटतो.

पण राजा, तू स्वतःच खाली लिहिलं आहेस की लाकूड वाळायला पावसाळ्यापर्यंत वेळ लागेल. तोवर मुलांनी बोटं कुठे ठेवून यायची? घरी?

मागच्या पानावर तू बारीक अक्षरात विचारलं आहेस, की ती पट्टी कोणत्या रंगात मिळते. तिथे मला तुझी दया आली. पांढरी, काळी आणि तपकिरी. तपकिरी तुझ्या लाकडाच्या जवळ जाते, पण नीट जात नाही. कानात श्रवणयंत्र घातल्यासारखी दिसेल. दिसू दे.

गेले काही दिवस मी गावभर दारं बघत हिंडते आहे. बँकेत गेले, पैसे काढायचे राहिले, दार बघून आले. दवाखान्यात, टपाल कचेरीत, दंतवैद्याकडे. दंतवैद्याने विचारलं, काय दुखतंय? म्हटलं, तुमचं दार. सगळीकडे एकच खूण आहे, आणि एकदा दिसली की दिसायची थांबत नाही. चौकटीवर, बिजागरीच्या बाजूला, मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर, एक काळसर, तुळतुळीत डाग. लहान हातांचा. तिथे कोणी मोठा माणूस कधीच हात लावत नाही.

मग आपल्याच दाराशी आले आणि चपलांच्या मांडणीपाशी खाली बसले. तिथेही आहे. इतकी वर्षं मी रोज त्याच्या शेजारून जाते.

तुझ्या नकाशांत माणसं असायची, आठवतं? बारकी काळी माणसं, हातात बॅग, सगळी कुठेतरी निघालेली. बालविभागाच्या नकाशातही तीच माणसं होती. मी तेव्हा तो नकाशा पाहिला होता, आणि मलाही काही खटकलं नव्हतं. कसं खटकणार? आपल्या घरात कोणी रांगलंच नाही. आपल्या टेबलाचे कोपरे शेवटपर्यंत टोकदार राहिले आणि फुलदाणी शेवटपर्यंत खालच्या फळीवर. त्या सगळ्या तपासण्या, ते रांगेत बसणं, आणि मग एक दिवस आपण दोघांनी न बोलता ते सोडून देणं, हे इथे लिहायचं नव्हतं. लिहून झालं आहे, आता खोडत नाही. तुला खाडाखोड चालत नाही हे मला ठाऊक आहे.

मला एवढंच म्हणायचं आहे, की हा तुझा निष्काळजीपणा नाही. तू जे कधी पाहिलं नाहीस ते काढलं नाहीस. आता पाहिलं आहे. सही कर.

एक तारीख जवळ येते आहे. अध्यक्षांनी बालविभागाच्या भिंतीची मापं घेतली, मोठा पंखा लावायचा म्हणतात.

तुझी (हेही सवयीने नाही, पण त्यावर फार विचार करू नकोस)

*

१९ फेब्रुवारी

प्रिय कोनमापक,

संमती पोचली, त्याबद्दल आभार. पट्टी आली, सुतार आला, पट्टी बसली. आणि आता मी तुला शिव्या घालायला बसले आहे. पण त्या तुझ्या वाट्याच्या नाहीत, पत्ता तुझा आहे एवढंच.

काल बघायला गेले तर पट्टी वरून थेट छतापासून सुरू होते. तिथे बोट घालायचं तर शिडी लागेल. तिथून ती खाली येते, येते, आणि माझ्या गुडघ्याच्या वर संपते. खाली फट उघडीच. काळ्या डागापाशी, बरोबर तिथेच, पट्टी नाही.

सुताराला विचारलं. तो म्हणाला, "मला सांगितलं तेवढी लावली. खाली पोछा अडकतो म्हणे."

अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, "सफाईच्या मावशींची तक्रार होती."

मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "माझी कसली तक्रार? अध्यक्षच म्हणाले, पोछा अडकेल ना हो मावशी? मी म्हटलं, अडकेल की. साहेब विचारतायत तर नाही कशाला म्हणू?"

तर ही अशी पट्टी आहे. उभ्या माणसांनी, उभ्या माणसांसाठी, उभ्या उभ्या बसवलेली. तुझ्या संमतीत लिहिलं आहे की 'पट्टी बसवण्यास हरकत नाही', आणि अध्यक्ष म्हणतात पट्टी बसली, विषय संपला, बाईंनी खोली सुरक्षित असल्याची सही करावी, म्हणजे प्रवेशबंदी मागे घेता येईल. नाही केली तर बंदी राहील आणि बैठकांची खोली होईल.

मी सही केली नाही. उलट खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. म्हणजे आता मुलांना बाहेर ठेवणारी मीच. अध्यक्षांना इतका आनंद झाला की त्यांनी मला चहा पाजला. सगळ्यांचं म्हणणं आहे की मी जरा ताणते आहे. दुसरीतल्या मुलाने कुलूप बघून विचारलं, "बाई, आम्ही काय केलं?" त्याला काय सांगू?

सही करून टाकू का, असं काल संध्याकाळी मनात येऊन गेलं. वरच्या उंचीची मुलं तर वाचतील. मग आठवलं, प्रश्नपत्रिका धाकट्या भावाला घेऊन येते. तो अजून धड चालत नाही. बसून सरकतो, आणि जे दिसेल त्याला धरून उभा राहतो.

तू ये. पत्राने हे होणार नाही. तुझ्या शब्दांचा इथे जो तो आपल्याला हवा तसा अर्थ काढतो. तू समोर उभा राहून 'खालपर्यंत' म्हणालास की समितीला हलावं लागेल. आपण दोघं एका खोलीत आल्याला बराच काळ झाला, आणि मागच्या वेळी त्या खोलीत वकील होते. यावेळी फक्त सुतार असेल. मी चांगलं वागेन. निदान प्रयत्न करेन.

एक तारखेच्या आत ये.

तुझी

*

४ मार्च

प्रिय कोनमापक,

तू घाईने बसस्टॉपकडे गेलास, त्यामुळे बरंच बोलायचं राहिलं. शिवाय बऱ्याच गोष्टी तुला दिसल्या नाहीत, कारण तू पाठमोरा होतास किंवा जमिनीवर होतास.

तू आलास आणि अध्यक्षांनी पुढे केलेली खुर्ची न घेता सरळ फरशीवर मांडी घातलीस, तेव्हा त्यांचा चेहरा तुला दिसला नाही. बक्षीस मिळवणारी माणसं खाली बसतात हे त्यांना नवीन होतं. तू डागावर हात ठेवलास आणि बराच वेळ काढलाच नाहीस. मला वाटलं, आता हा लाकडाबद्दल काहीतरी बोलेल. तू फक्त म्हणालास, "खालपर्यंत. आतल्या बाजूनेही. आणि हे दार फार जोरात लागतं, त्याचा वेग कमी करा."

अध्यक्ष म्हणाले, "पण पोछा..."

तू म्हणालास, "पोछा मी मारून दाखवतो."

आणि मारलास. संसारात असताना हा गुण कुठे लपवला होतास?

तुला केस पिकलेले शोभतात. हे तोंडावर सांगितलं असतं तर तू खिडकीबद्दल बोलायला लागला असतास.

प्रश्नपत्रिका व्हरांड्यात आली तेव्हा सुतार शेवटचे खिळे ठोकत होता. बोटाची पट्टी निघाली आहे, नखाच्या जागी नवं नख येतंय, कागदासारखं पातळ. ती लांब उभी, हात काखेत. तू वळून बघितलंस. मला भीती वाटली, की आता तू तिला बिजागरीचं शास्त्र समजावशील. तू तुझा उजवा हात, ज्याने सगळं आयुष्य रेघा काढल्यास तो, चौकटीपाशी नेलास आणि बोटं पट्टीवर दाबून धरलीस, बरोबर जिथे फट होती तिथे.

"लाव दार," म्हणालास.

"तुमचं बोट तुटलं तर?"

"मग तुझे डॉक्टर कुठे बसतात ते दाखव."

ती दाराकडे आली नाही, तुझ्याकडे आली. तुझ्या बोटांकडे बघितलं, तुझ्या तोंडाकडे बघितलं, आणि एका तळव्याने दार ढकललं. ते सावकाश येत होतं आणि मी डोळे मिटून घेतले. मला गाजर दिसत होतं. उघडले तेव्हा दार लागलं होतं, पट्टी दुमडली होती आणि तुझी बोटं पट्टीच्या बाहेर होती, शाबूत.

"परत," ती म्हणाली.

तिने ते किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मधे तुला आतल्या बाजूने बसवून केलं, मग आईला करायला लावलं, मग अध्यक्षांना. अध्यक्षांनी आधी अंगठी काढून खिशात ठेवली, पण हात पुढे केला, एवढं त्यांच्याबद्दल चांगलं लिहून ठेवते. मग तिने स्वतःचा हात काखेतून काढला, नव्या नखाचा, आणि पट्टीवर ठेवला. तिची आई तेव्हा तोंडाला पदर लावून उभी होती. तुला ते दिसलं नाही. तू दाराकडेही बघत नव्हतास, तिच्याकडे बघत होतास.

सही मी त्याच दिवशी केली. अध्यक्षांना आता पट्टीचं उद्घाटन करायचं आहे. करू दे. मोठा पंखा मात्र त्यांनी मागवलाच होता, तो बालविभागात लागला, आणि पुस्तकांची पानं आपोआप उलटतात म्हणून मुलं खूश आहेत.

आता कामाचं. तिने तुला हाताला धरून आत नेलं, छोट्या खुर्चीवर बसवलं, तुझे गुडघे हनुवटीला लागले होते, आणि हत्तीचं पुस्तक तुझ्या हातात दिलं. तू वाचतोस भयंकर. हत्ती आणि निविदा यांत तुझ्या आवाजाला काही फरक करता येत नाही. तरी तिचा तो धाकटा भाऊ सरकत सरकत तुझ्या पायाशी आला, चौकटीच्या जागी तुझी विजार धरून उभा राहिला, आणि तू वाचायचा थांबून त्याच्याकडे असा बघत बसलास, की मला उगीचच पुस्तकं लावायला पलीकडच्या कपाटाशी जावं लागलं. मग तुझी बस आठवली आणि तू हत्तीला नदीच्या मध्यावर सोडून गेलास.

प्रश्नपत्रिकेने त्या पानात केसांची रिबीन घालून ठेवली आहे. रोज आल्या आल्या बघते, रिबीन जागेवर आहे ना. मी म्हटलं, "आण, मी वाचते पुढचं." ती म्हणाली, "तुम्ही नाही. ते वाचतायत ना?"

हत्तीचं पुस्तक नियमाने दोन आठवड्यांत परत फिरायला हवं. काल एक आई मागायला आली होती. मी सांगितलं, वाचकाकडे आहे.

तुझी